सत्कारमूर्तीची हजेरी

मुकुंदवाडीच्या रत्नमालाबाई दाभाडे यांना जून महिन्यात भिशी लागली आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. त्या पैशात दोनपैकी एकच गोष्ट होणार होती. नणंदेच्या लग्नासाठी सदाचार नागरी सहकारी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज एकरकमी मिटलं असतं, किंवा लॅब टेक्निशियनच्या एक वर्षाच्या डिप्लोमाची फी भरता आली असती. बाईंचं वय सदतीस, मुलगा नववीत, आणि बारावी सायन्सचे एकाहत्तर टक्के पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या सोबतीनं अठरा वर्षं पडून होते.

जालना रोडवरच्या एका लॅबमध्ये बाई दहा वर्षं रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्या नळीतलं रक्त मायक्रोस्कोपखाली कसं दिसतं, हे त्यांना फार मनापासून पाहायचं होतं. पण त्या खुर्चीवर टेक्निशियन बसतो आणि टेक्निशियनला डिप्लोमा लागतो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की पुढच्या जूनमध्ये एक जागा रिकामी होतेय. तोवर पास झालात तर तुमची, नाहीतर दुसरं कुणी पाहू.

नवरा साहेबराव वाळूजला कंपनीत होता. त्याचं मत ठाम होतं. "आधी कर्ज फेड. शिक्षण काय कुठं पळून चाललंय व्हय?" हेच वाक्य अठरा वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीतही म्हटलं गेलं होतं, आणि शिक्षण खरोखरच तेव्हापासून जागचं हललं नव्हतं. बाईंनी मुकाट्यानं पैसे पिशवीत घातले आणि पतसंस्था गाठली.

पैसे पाहून चेअरमन नानासाहेबांचा चेहरा उतरला. "ताई, ही काय अवदसा आठवली?"

"कर्ज फेडायचंय."

"अहो, पण का? आमचं काही चुकलं का?" संस्थेचे चारशे कर्जदार होते आणि त्यांपैकी वेळेवर हप्ता भरणारी व्यक्ती एक होती. "तुमच्या एका खात्यावर ऑडिटर आमच्याशी हसून बोलतो. तुम्हीच मोकळ्या झाल्या तर आम्ही वसुली कुणाची दाखवायची? दुसरीकडं कुठं नाय का लावता येणार हे पैसे?"

बाई चाचरत म्हणाल्या, "तसं... मला शिकायचं होतं."

नानासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "शिका ताई, शिका! एक आई शिकली की अख्खं घर शिकतं. कर्जाचं काय, ते जन्मभर आहेच!"

कुणीतरी एकदा 'शिका' म्हणावं, म्हणून बाई अठरा वर्षं थांबल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणणारा कोण आहे आणि का म्हणतोय, हे पाहण्याचं भान राहिलं नाही. त्यांनी त्याच दिवशी फी भरली.

कॉलेज एक ऑगस्टला सकाळी अकराला सुरू झालं. एक ऑगस्टला सकाळी अकरालाच पतसंस्थेनं 'जिद्दी मातेचा जाहीर सत्कार' ठेवला. शाल, श्रीफळ, हातभर उंचीचं स्मृतिचिन्ह. एका दिवसानं काय बिघडतं, असं बाईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला आणि शहरातल्या समस्त संस्थांना कळलं की सत्काराला योग्य अशी एक बाई उपलब्ध आहे.

मग रीघच लागली. महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, योगवर्ग. बाई रिक्षानं कॉलेजला जातात म्हणून रिक्षा युनियननं सत्कार केला. त्या पायी जातात हे कळल्यावर चप्पल विक्रेत्यांनी केला. वॉर्डातल्या दोन इच्छुक उमेदवारांनी एकाच चौकात समोरासमोर मांडव घातले. बाई एका स्टेजवरून उतरून दुसऱ्यावर चढल्या. माहेरी फुलंब्रीला उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. सिल्लोडच्या व्यापाऱ्यांनी त्यांची मक्याच्या कणसांनी तुला केली. बाई दोन किलो कमी भरल्या, तेव्हा त्यांचं पुस्तकांचं दप्तर पारड्यात ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं.

सगळे कार्यक्रम अकरा ते चार या वेळेत असत, कारण प्रमुख पाहुण्यांना तेव्हाच काही काम नसे. बाईंनी एकदा धीर करून सांगून पाहिलं, "आज प्रॅक्टिकल हाय, नाय जमणार." संयोजक घरी येऊन साहेबरावाला म्हणाले, "अजून शिकली बी नाय तं एवढा माज?" नळाला आठवड्यानं पाणी येई तेवढा एक दिवस मात्र कुणी सत्कार ठेवत नसे, कारण त्या दिवशी शहरात कुणीच घर सोडत नाही. बाईंनाही सोडता येत नसे.

हळूहळू घरच्यांचेही गुण लोकांच्या लक्षात आले. साहेबरावाला 'परवानगीवीर' पुरस्कार मिळाला. तो माइक हातात घेऊन सांगू लागला, "मी पहिल्याच दिवशी हिला म्हणलं, कर्जाचं बघू, तू शिक!" सासू पारूबाई 'आदर्श सासू' ठरल्या. "मी तिला लई मोकळीक देते," असं त्या भाषणात म्हणत आणि निघायच्या आधी घरात म्हणत, "रत्ने, भाषणाहून यायला मला उशीर व्हईल. भाकरी थापून ठेव, मी दमून येते."

एके दिवशी नानासाहेबांनी बाईंना बोलावून एक अडचण सांगितली. "ताई, एकच साडी तीन फोटोंत दिसली. सभासदाची शोभा तीच संस्थेची शोभा." मग त्यांनी 'सत्कारमूर्ती सुलभ कर्ज योजना' सुरू केली. योजनेची पहिली आणि एकमेव लाभार्थी कोण, हे सांगायला नको. दिवाळीपर्यंत बाईंचं कर्ज दीडपट झालं आणि त्यांना पाच सिल्कच्या साड्या झाल्या.

फेब्रुवारीत तबस्सुम मॅडमनी त्यांना गाठलं. मॅडम रक्ततपासणी शिकवत आणि अख्ख्या शहरात बाईंना अभ्यासाविषयी विचारणारी ती एकटी व्यक्ती होती.

"रत्नमालाताई, मी तुम्हाला रोज बघते. पेपरात. तुमची हजेरी एकोणतीस टक्के आहे. परीक्षेला पंचाहत्तर लागते."

"मॅडम, मी समद्या वेळी शिक्षणाच्याच कार्यक्रमात होते हो."

"मालूम है मुझे. पण वर्गात नव्हतात ना."

मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्यांनी प्राचार्यांकडून दर रविवारी जादा तास मंजूर करून आणले. 'जिद्दी आईसाठी रविवारीही कॉलेज!' अशी बातमी छापून आली. पहिल्याच रविवारी सात संस्था शाली घेऊन वर्गात हजर झाल्या. एक शाल तबस्सुम मॅडमनाही मिळाली आणि तास झाला नाही.

मग प्राचार्यांचं पत्र आलं. 'आपली उपस्थिती विहित मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपणास वार्षिक परीक्षेस बसता येणार नाही. तथापि, संस्थेच्या सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी या नात्याने आपला भव्य सत्कार परीक्षेच्या दिवशी, परीक्षेच्याच वेळी, शेजारील सभागृहात योजिला आहे. आपली उपस्थिती अनिवार्य असून अनुपस्थित राहिल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.'

बाई गेल्या. स्टेजवर प्रमुख पाहुणे नानासाहेब, शेजारी साहेबराव आणि पारूबाई. पलीकडच्या खोलीत घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्याची कुजबुज ऐकू आली, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच बाईंनी स्वतः माइक मागून घेतला.

"मला शाल नको," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत बसू द्या, एवढंच. आज नाय बसले तं जूनची नोकरी जाती. पुन्हा फी भरायला पैसे नायत, आन् हप्ते डोक्यावर हायेत. तुम्हाला माझं खरंच कौतुक असंल, तं सकाळी सातला माझ्या घरी या. भांडी घासा, सैपाक करा, आन् मला अकराच्या आत वर्गात जाऊ द्या. समद्यांनी नका येऊ. एकानं या."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. साहेबरावानं शिट्टी मारली. नानासाहेबांनी डोळे पुसले आणि 'उत्कृष्ट वक्त्या' म्हणून बाईंना जागच्या जागी आणखी एक शाल पांघरली. पलीकडच्या खोलीतून, आवाज कमी करा, परीक्षा चालू आहे, असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सातला दार वाजलं. बाईंनी धावत जाऊन उघडलं. दारात दोन माणसं होती. त्यांना सत्कारासाठी तारीख हवी होती.

भाषणाचा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही तो शेवटपर्यंत पाहिलात. तुम्ही खाली दोन हात जोडलेत, 'हीच खरी वाघीण' असं लिहिलंत आणि तो आणखी चार ग्रुपांवर पाठवलात. मग फोन खाली ठेवून स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारलीत, "अगं, चहा झाला का?"