डोळा लागेल अशी शाळा

घाटपांडेसाहेब शाळा तपासायला जायचे आणि मागच्या बाकावर बसून चक्क झोपायचे. घोरायचेसुद्धा! मी त्यांच्या हाताखाली लिपिक. हजेरीपट, खिचडीचा तांदूळ, वाचनालयातून आलेली पुस्तकांची पेटी, सगळं मी बघायचं आणि साहेब आपले गाढ.

"अहो साहेब, लोक काय म्हणतील?" एकदा जीपमध्ये मी विचारलंच.

"बाई, मुलं घाबरलेली असली की वर्ग चिडीचूप असतो. तिथं मला डोळा लागत नाही. मुलं बिनधास्त बडबडत असली की आपोआप लागतो. आता सांगा, शाळा कोणी तपासली, तुम्ही की मी?"

वर हा तोरा! पण मेलं, त्यांचं कधी चुकायचं नाही. एका चकाचक शाळेत मुलं हाताची घडी घालून बसलेली. मी खूश, साहेब टक्क जागे. त्यांनी एका मुलीकडे नुसता खडू मागितला, तर ती रडायलाच लागली.

पुढच्या गावात कौलांतून ऊन गळत होतं. मुलं एकमेकांवर रेलून पेटीतली पुस्तकं मोठ्यांदा वाचत होती, प्रत्येकाचं वेगळं. कुणाचा राजा, कुणाचा ससा, सगळं एकमेकांत मिसळत गेलं आणि मला कधी पेंग आली कळलंच नाही. जागी झाले तर शाळा सुटलेली. साहेब समोर हसत उभे. "लिहा शेरा, बाई. उत्तम!"

निवृत्तीनंतर आम्ही दोघंही कोथरूडला एकाच सोसायटीत राहायला आलो. साहेबांचा मुलगा कॉम्प्युटरवाला, अमेरिकेत. आमच्याकडच्या सुनाही हिंजवडीला जायला लागल्या, तसं तळमजल्यावर पाळणाघर निघालं. झालं! कलकलाट होतो म्हणून ते बंद करायचा ठराव आला. पाळणाघर बरोबर साहेबांच्या फ्लॅटखाली, म्हणून सेक्रेटरींनी कागद आधी त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी पेन घेतलं नाही.

"ही गेल्यापासून मला रात्रीची झोप नाही," ते म्हणाले. "घर फार गप्प असतं हो. दुपारी खाली पोरं ओरडायला लागली, की तेवढा डोळा लागतो. तेवढं राहू द्या."

सेक्रेटरींनी कागदाची घडी करून ती खिशात घातली. ठराव तिथेच बारगळला. मला मात्र घरी येऊन रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाला न्यायला गेले, तर साहेब पाळणाघराच्या दारात खुर्ची टाकून झोपलेले. आत नुसता दंगा. तेवढ्यात एका चिमुरडीचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. "शूऽऽ! आजोबा झोपलेत!" सगळी पोरं एकदम गप्प झाली.

साहेबांच्या पापण्या हलल्या.

"अरे, गप्प काय बसलात?" मी घाईघाईने म्हटलं. "ओरडा रे, ओरडा!"