मिरजेला जाऊन आलेले गुडघे

गुडघेदुखीबद्दल उंब्रजमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत नसावं! तीन पुस्तकं वाचली होती. एरवी माझी कशाबद्दलच खात्री नसते. पण संधिवात वांग्यांनी होतो, हे मी पक्कं धरलं होतं. वर्षभर वांगं सोडलं. गुडघे तसेच!

अखेर १९७४ च्या माघात गुपचूप मिरज गाठली. गुपचूप, कारण आमच्या लेकीचं, शालूचं स्थळ साताऱ्याच्या सुभेदार हंबीररावांकडे तीन महिने अडकलं होतं. लंगडा व्याही कुणाला हवा?

तिथल्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर हसले. "मास्तर, वांगी खुशाल खा. वयामुळे सांध्यातली गादी झिजलीय. फक्त पडून राहू नका, चाला! आणि रोज उताणं झोपून पाय ताठ उचला, दहा आकडे मोजा, खाली ठेवा."

दुसऱ्या दिवशी घरी आलो, तर अंगणात ही गर्दी! आमची ही दूधवाल्याला एवढंच बोलली होती, "ह्यांना मिरजेला जावं लागलं." आमच्याकडे मिरजेला कुणी जात नाही, शेवटच्या घटकेला नेतात!

बातमी साताऱ्यापर्यंत पोचलेली, स्वतः हंबीरराव हजर. "आवं मास्तर, उभं का? आडवं व्हा!" म्हणत त्यांनी मला गोधडीवर निजवलं. "मास्तरांच्या डोळ्यांम्होरं लगीन लावायचं. न्हाईतर वरीसभर थांबाय लागंल. येता बेस्तरवार ठरला!"

"अहो, पण मला फक्त..."

ही कानाशी वाकली. "पोरीचं जमतंय. गप पडा!"

पडलो. चार दिवसांत गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे झाले. एका दुपारी घर सामसूम बघून पाय उचलला. "एक, दोन..." सातपर्यंत पोचतोय, तोच दारात मेहुणी राहीबाई किंचाळली, "धावा! भावजी पाय झाडाय लागलं! देवाचं नाव घ्यायलेत!"

तोंडात गंगाजल ओतलं. मला ठसका लागला.

"घरघर लागली!"

साताऱ्याला निरोप गेला. बेस्तरवार राहिला बाजूला, संध्याकाळी हंबीरराव ट्रकभर वऱ्हाड घेऊनच उतरले. गोरजावर अक्षता पडल्या!

आता मात्र मला राहवेना. त्यांना माजघरात बोलावून हात जोडले. "सुभेदार, माफ करा. मी मरत नाही. नुसते गुडघे दुखतात."

ते दार लोटून घेत म्हणाले, "व्याही, हातातली कामं टाकून आणलंय मी समद्यांस्नी, तुमी चाललासा म्हणून. आता माझी अब्रू ऱ्हाऊ द्या. जेवणं हुईस्तवर आडवं व्हा!"

झालो आडवा. एकेक सातारकर हात धुऊन यायचा, हळहळायचा आणि प्रेमानं पाय दाबायचा. नेमका गुडघ्यावर! मी कळवळून ओरडलो, की सगळे समाधानानं माना हलवायचे.