मधल्या मैदानाचा ठराव

सभा जिंकावी कशी, हे कमलाकररावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कोथरूडच्या सोसायटीत ते सलग सहा वर्षं सेक्रेटरी होते! विरोधक बटाटेवडे घ्यायला उठले की ठराव टाकायचा आणि ते चटणी पुसत परत येईपर्यंत मंजूर करून टाकायचा, या एका युक्तीवर त्यांनी लिफ्ट, बोअरवेल आणि गच्चीवरचं कुलूप अशा तीन लढाया मारल्या होत्या. सौदीत येऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण ती युक्ती वापरायची संधी काही मिळाली नव्हती.

ती या जानेवारीत चालून आली.

रास अल खैरच्या त्यांच्या कंपनी कॉलनीत पत्रक निघालं. कंपनी बेसबॉलचं स्टेडियम बांधणार. जागा दोन. एक कॉलनीच्या मधोमध, सुपरमार्केट आणि मशिदीच्या मधलं मोकळं मैदान. दुसरी सात किलोमीटर लांब, खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यामागे. निर्णय रहिवाशांच्या सभेत, हात वर करून. कॅम्पातल्या कामगारांनाही मत.

मधलं मैदान मोकळं होतं ते फक्त कागदावर. तिथे दर शुक्रवारी कॅम्पातली पोरं क्रिकेट खेळायची. उरलेल्या काँक्रीटची पट्टी, तिच्यावर कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला गालिचा, असं खेळपट्टीचं काम फोरमन नसरुद्दीनने स्वतः केलं होतं. नसरुद्दीन हर्णैचा. शुक्रवारी कॅम्पाची बस सुटत नाही, म्हणजे कारखान्यामागे ढकललं की खेळ संपला. आठवड्यातून तेवढा एकच दिवस या लोकांचा स्वतःचा होता.

"कमलाकरभाऊ, तुमी बोला आमच्यासाठी," नसरुद्दीन घरी येऊन म्हणाला. "आमाला सभेतलं काय कळत नाय."

"नसरुद्दीन, तू झोप निवांत! मैदान तुझंच!"

तो गेल्यावर कमलाकररावांनी कागद-पेन्सिल घेतली. क्रिकेटवाले पंधरा. ते स्वतः, बायको मंजिरी आणि दोन मराठी इंजिनियर मिळून चार. एकूण एकोणीस. समोर कोरियन आणि फिलिपिनो मंडळी बारा, बेसबॉल म्हटलं की वेडी. आणि सौदी-इजिप्शियन साहेब सात. पत्रकावर सही सौदी साहेबाची, तेव्हा ते सातही तिकडेच. म्हणजे तेही एकोणीसच!

"बरोबरी," मंजिरी म्हणाली. "आता?"

कमलाकररावांच्या चेहऱ्यावर वड्याचं तेज आलं. "सभा साडेचारला आहे. सूर्यास्ताच्या नमाजाची, मगरीबची अजान पाच-सव्वापाचला. सातही साहेब नमाजाला उठतील. अध्यक्ष माजेदसाहेबसुद्धा! तेवढ्यात मत घ्यायचं. एकोणीस विरुद्ध बारा. खलास!"

"अहो, लोक देवाचं नाव घ्यायला गेले आणि आपण त्यांच्या पाठीमागे हात वर करायचे? बरं दिसतं का ते?"

"डावपेच आहेत ते, मंजिरी. तुला नाही कळायचं."

सभेला कॅम्पातली पोरं इस्त्रीचे शर्ट घालून आली आणि मागच्या रांगांत अंग चोरून बसली. कमलाकरराव पहिल्या रांगेत. भाषण त्यांनी छानच केलं. मग कोरियन इंजिनियर चोईसाहेब उठले. ते सभेचे उपाध्यक्ष. बेसबॉलबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून आला. माजेदसाहेब मात्र दोघांचंही शांतपणे ऐकत होते आणि काही लिहून घेत होते.

अजान झाली. माजेदसाहेब उठले, "वीस मिनिटांत येतो" म्हणाले आणि पुढच्या दाराने साहेबांचे पांढरे पायघोळ थोब रांगेने बाहेर पडले. कमलाकररावांनी मोजले. सात! शेवटची टाच उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच ते ताडकन उभे राहिले.

"अहो," मंजिरीने शर्ट ओढला. "मागे बघा जरा."

"थांब गं! मिस्टर चोई, वेळ वाया का घालवायचा? चर्चा झाली आहे. आत्ताच मत घेऊ या!"

चोईसाहेबांनी डोळे मिचकावले. मागच्या बाजूला पाहिलं. पुन्हा कमलाकररावांकडे पाहिलं. "तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के!"

"वा! फारच छान कल्पना, मिस्टर कमल!"

ज्यांना मधल्या जागी स्टेडियम हवं, त्यांनी हात वर करा. बारा हात. नको, त्यांनी करा. कमलाकररावांनी दिमाखात हात वर केला आणि आपली फौज बघायला मागे वळले.

मागे खुर्च्या होत्या. नुसत्या खुर्च्या! दापोली, मालेगाव, हैदराबाद, पेशावर, सगळे मागच्या दाराने नमाजाला गेले होते. एका कोपऱ्यात तेवढा केरळचा जोसेफ बसला होता, आणि त्याचाही हात अर्धाच वर होता.

बारा विरुद्ध पाच. टाळ्या झाल्या. एका फिलिपिनो भगिनीने तर कमलाकररावांना मिठाईसुद्धा दिली.

आठ वर्षं कमलाकररावांनी नसरुद्दीनच्या खोलीवर ईदेचा शिरखुर्मा ओरपला होता. तरी कागदावर गणित मांडताना नसरुद्दीन होता फक्त 'आपला हर्णैचा'. नमाजाला जाणारे म्हणजे ते पुढच्या दाराचे, थोबवाले. मंजिरी त्यांच्याकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाही याचं त्यांना बरंच वाटलं.

माजेदसाहेब परत आले ते नसरुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवून. मशिदीच्या वाटेवर त्याने त्यांना खेळपट्टी दाखवली होती. "मी ठरवलंय," ते हसत म्हणाले, "आम्ही सातजण क्रिकेटच्या बाजूने मत देणार. गाड्या आमच्याकडे आहेत, बेसबॉलवाल्यांना आम्ही सोडू कारखान्यापर्यंत."

चोईसाहेबांनी निकाल सांगितला.

"मत झालं? आम्ही नसताना? कुणी मागितलं?"

बारा बोटं एका दिशेला वळली.

"मिस्टर कमल, का?"

कमलाकरराव उभे राहिले. "सर, मला वाटलं, तुम्ही लोक बाहेर असताना..."

"तुम्ही लोक म्हणजे कोण?"

माजेदसाहेबांच्या शेजारी नसरुद्दीन उभा होता. हातपाय धुतलेले, बाह्या अजून दुमडलेल्या. कमलाकररावांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. कोथरूडात सहा वर्षांत ही वेळ कधी आली नव्हती, कारण तिथे असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नसरुद्दीनच पुढे झाला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सर, हा माणूस आमचा आहे. घाई झाली त्याला. परत मत घ्या."

परत मत झालं. सव्वीस विरुद्ध बारा. पोरांनी पेशावरपासून पालघरपर्यंतच्या सगळ्या भाषांत आरडाओरडा केला. चोईसाहेबांनी कमलाकररावांकडून मिठाई परत घेतली.

बाहेर आल्यावर कमलाकरराव पुटपुटले, "नसरुद्दीन, मी जरा..."

"आमी बिनघोर गेलो, भाऊ," नसरुद्दीन सहज म्हणाला. "पोरांना बोललो, आत आपला माणूस बसलाय."

त्यापेक्षा त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर कमलाकरराव रात्री जेवले असते.

गुरुवारी नसरुद्दीनचा फोन आला. "उद्या मॅच हाय. अंपायर तुमीच."

"मी?" कमलाकररावांना भरून आलं. "अरे, माझ्यावर एवढा विश्वास?"

"हाय की! फकस्त एक करा. अजान झाली की आमी जाऊन येतो. तवर कुणाला आऊट देऊ नका."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात मंजिरी इतकी हसली की पोळी करपली, आणि ती करपलेली पोळी कमलाकररावांनी निमूटपणे स्वतःच्या ताटात वाढून घेतली.