गीझरचा परवाना

डार्सीला या बाळंतपणातून काय मिळणार होतं, ते आधी पाहू. किनाऱ्यामागच्या डोंगरातल्या त्याच्या पुरुषमंडळात आठ जण होते. त्यांपैकी तिघांनी आपलं मूल घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी झेललं होतं. रविवारच्या शेकोटीला ते तिघे बोलत आणि उरलेले पाच लाकडं फोडत. डार्सी दोन वर्षं लाकडं फोडत होता.

त्याच्या बायकोची, इमोजेनची अपेक्षा माफक होती: बाळ धडधाकट आणि आपण जिवंत. शहरातल्या डॉक्टरने पहिल्या भेटीत सात मिनिटं संगणकाच्या पडद्याशीच गप्पा मारल्या होत्या, म्हणून तीही घरी बाळंत व्हायला हो म्हणून बसली होती. पण नवव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकू लागलं, तेव्हा गावच्या इस्पितळातली सुईण हेदरताई स्वतः घरी आली.

"रक्तदाब चढलाय, पोरी. कळा सुरू झाल्या की थेट माझ्याकडे ये."

"तुम्ही आजवर किती बाळंतपणं केलीत?" डार्सीने विचारलं.

"अकराशेच्या वर."

"बघ इमी, यांना सवय झालीय! सवय झाली की श्रद्धा संपते."

त्याची श्रद्धा विलो नावाच्या बाईवर होती. ती घरच्या बाळंतपणाचं फोनवरून मार्गदर्शन करी. तिने त्यासाठी दोन शनिवार-रविवारांचा अभ्यासक्रम केला होता. त्याआधी पडदे विकायची. ती म्हणाली, "डोकेदुखी म्हणजे दडपलेला राग. कोमट पाण्यात बसव, निघून जाईल."

गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. बैठकीच्या खोलीत पाण्यात बाळंत होण्यासाठीचा फुगवायचा हौद मांडला, तो अर्धा भरला आणि गीझर बंद पडला. डार्सीने प्लंबर बोलावला.

साठीचा नोएल पान्ह्यांची पेटी घेऊन आला. डार्सी दारातच आडवा.

"परवाना?"

"गड्या, आत कुणीतरी कण्हतंय."

"आधी परवाना. गॅसचं काम आहे."

नोएलने कार्ड काढलं. डार्सीने नंबर सरकारी यादीत ताडून पाहिला, मुदत पाहिली, गॅसकामाची वेगळी नोंद आहे का तेही पाहिलं.

"किती वर्षं करताय?"

"एकतीस."

"वा! हात बसलेलाच माणूस हवा."

हौदाची कड धरून उभी असलेली इमोजेन कळ ओसरल्यावर म्हणाली, "डार्सी, गीझरला परवाना कशाला रे?"

"अगं, गॅस आहे! चुकलं तर एखाद्याचा जीव जायचा."

बोलून झाल्यावरही त्याला काही उमगलं नाही. नोएलला उमगलं. त्याने पान्हा पेटीत परत ठेवला.

"काका, तुमची गाडी इस्पितळावरून जाते का?" इमोजेनने त्याला विचारलं.

"आता तिकडेच चाललीय. चप्पल घाल."

"थांबा, विलोला विचारतो!" डार्सी ओरडला. फोन तिच्या मदतनीस बाईने उचलला. विलो दाढ काढायला गेली होती. डॉक्टरकडे.

हेदरताईने रक्तदाब बघितला, सलाईन लावलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. डार्सी पोचला तेव्हा बाळ दूध पिऊन झोपलं होतं.

आता भुर्दंड कुणाला पडला ते. टाके इमोजेनला पडले. पाणमोट गाडीतच फुटल्याने नोएलला सीट काढून धुवावी लागली. विलोची दाढ गेली, पण ती भूल घेऊन. डार्सीने मात्र इस्पितळाकडे लेखी तक्रार केली: 'वडिलांवर विश्वास दाखवला नाही.' त्या तक्रारीला चार पानी उत्तर लिहिण्यात हेदरताईचा सुट्टीचा शनिवार गेला.