अनमोल मासा

खाडीवरच्या आदिवासी गावाने सॅमन मासा खावा, नातलगांत वाटावा, समारंभात वाढावा. विकू मात्र नये, असा मत्स्य खात्याचा नियम होता. व्हर्ना वॉकस ही गावातली पहिली अर्थशास्त्रज्ञ. केस पिकेपर्यंत ती या एका नियमाशी भांडत राहिली. गावची तरणी माणसं होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवून शहरात हॉटेलांची भांडी घासायला जात होती, आणि ते तिला बघवत नव्हतं.

खात्याचे मॅकलीनसाहेब अतिशय सहृदय. ही खाडी वॉकसबाईंच्या पूर्वजांची आहे, असं ते प्रत्येक बैठकीत मान लववून सांगत आणि मग अर्ज फेटाळत. गावाची मासेमारी सांस्कृतिकदृष्ट्या अनमोल आहे, अनमोल गोष्टीला दर लावणं खात्याच्या संवेदनशील धोरणात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच खाडीतला मासा एक कंपनी टनांनी विकत असे. कंपनीला संस्कृती नसल्यामुळे तिच्या बाबतीत ही अडचण येत नव्हती.

शेवटी व्हर्नाचे मामा हर्बी, म्हणजे गावचे प्रमुख, तिला म्हणाले, "आकडे पुरे झाले, पोरी. आता त्यांना जेवायला बोलाव."

गावच्या समारंभाच्या मोठ्या घरात पॉटलॅच झाला. त्यात यजमान पाहुण्यांना जेवू घालतो, भेटी देतो आणि आपला हक्क जाहीर करतो. भेट घेणारा त्या हक्काचा साक्षीदार ठरतो. खातं सहकुटुंब आलं. नाच पाहून झाले, मासा मागून मागून खाऊन झाला. सगळ्यांच्या हातात धुरी दिलेल्या सॅमनच्या बरण्या पडल्यावर मामा उठले आणि मासा विकण्याचा गावाचा हक्क त्यांनी खणखणीत आवाजात सांगितला.

दुसऱ्या दिवशी खात्यात तातडीची बैठक बसली. बरणी ठेवावी तर साक्ष होते. परत करावी तर संस्कृतीचा अपमान होतो, आणि त्याविरुद्ध खात्याचंच परिपत्रक आहे. बराच खल होऊन असं ठरलं, की ती भेट नव्हतीच असं समजावं आणि प्रत्येकाने बाजारभावाने पैसे पाठवावेत. मॅकलीनसाहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवून आपले सर्वांत आधी पाठवले.

व्हर्नाने लगेच फोन लावला. "साहेब, पैसे पोचले. म्हणजे आम्ही मासा विकला आणि खात्यानं तो विकत घेतला. आम्हाला पकडणार असाल, तर गिऱ्हाईक म्हणून तुम्हालाही यावं लागेल."

साहेबांनी पलीकडून बारीक आवाजात विचारलं, "बाई, यातून काही मार्ग?"

"आहे ना. विक्री कायदेशीर करा."

महिनाभरात परवाना आला. धक्क्यावर टेबल मांडून व्हर्ना स्वतः मागे उभी राहिली. पहिली बरणी मांडताना तिला रडू आवरेना. शहरातून आलेल्या लोकांची मोठी रांग लागली होती. या हक्कावरच्या तिच्या व्याख्यानांना येऊन डोळे पुसणारी बरीच मंडळी त्यात होती. पहिल्या बाईंनी बरणी छातीशी धरली. हा नुसता मासा नाही, हजारो वर्षांचा वारसा आहे, असं त्या गदगदून म्हणाल्या. मग त्यांनी बरणी फिरवून किंमत वाचली.

"दोन घेतल्या तर थोडं कमी करणार ना?"

त्यांच्या मागे रांगेत तुम्ही-आम्हीच उभे होतो. उत्तर ऐकायला आपणही कान टवकारले.