घरटी एक असाक्षर

उद्दिष्ट या शब्दाला मी कधीच घाबरलो नाही. इतर शिक्षकांना वरून उद्दिष्ट आलं की ताप भरतो. मला भूक लागते! बावीस वर्षांच्या नोकरीत या प्रफुल्ल गुरुजीचं एकही उद्दिष्ट अपुरं राहिलेलं नाही. शंभर झाडं लावा म्हणाले, एकशे एक लावली. (जगवा असं पत्रात नव्हतं.) शाळेच्या व्हरांड्यात मी एक फळाच रंगवून घेतलाय. एका बाजूला ‘उद्दिष्ट’, दुसऱ्या बाजूला ‘साध्य’. दोन्हीकडचे आकडे जुळलेले दिसले की मला दुपारचं जेवण पचतं.

आमचं चिंचखार गाव थळच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. त्रेचाळीस घरं, एक देऊळ, दोन शिक्षकांची शाळा. मी आणि रचनाबाई. रचनाबाई वयाने माझ्यापेक्षा लहान, जिभेने मोठ्या. तीन वर्षांपूर्वी मी हे गाव ‘संपूर्ण साक्षर’ करून टाकलं होतं. महिनाभरात! पद्धत अगदी सुटसुटीत. ज्याला सही येत नाही त्याला सही शिकवायची, की झाला तो साक्षर. ढाल मिळाली, शाल मिळाली, वेशीवर पाटी लागली.

आणि यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचे केंद्रप्रमुख विपुलसाहेब यांचा फोन आला.

“गुरुजी, साक्षरता अभियान. प्रत्येक शाळेला बारा असाक्षर.”

“बारा काय?”

“शोधायचे. शिकवायचे. परीक्षेला बसवायचे. डिसेंबरचा दुसरा रविवार.”

“साहेब, आमचं गाव संपूर्ण साक्षर आहे! ढाल आहे आमच्याकडे!”

“मग ढाल परत करता?”

मी कपाटावरच्या ढालीकडे पाहिलं.

“बारा नाही भरले तर कारणे दाखवा नोटीस निघेल, गुरुजी. आणि तुमचं तर मुख्याध्यापकाच्या बढतीचं प्रकरण वर गेलंय ना?”

गेलं होतं हो! बावीस वर्षांनी गेलं होतं! त्यात नोटीस लागली की ते प्रकरण कपाटात आणि मी होतो तिथेच.

मी अर्जांचा गठ्ठा घेतला आणि असाक्षर शोधायला निघालो. पहिलं घर केसरकाकींचं. काकी ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या. मी गोड आवाजात म्हटलं, “काकी, तुमचं नाव असाक्षरांच्या यादीत घेऊ का?”

काकींनी कोयता खाली ठेवला नाही. तो तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या.

“गुरुजी, मला अडाणी बोलायला आलाव? दहावी नापास हाय मी, नापास! नापास व्हायला पण शाळेत जावं लागतं!”

पुढच्या घरी चहा मिळाला, असाक्षर मिळाला नाही. त्याच्या पुढच्या घरी म्हातारीने माझ्यासमोर पेपर उघडून डोळ्यांपुढे धरला आणि मी जाईपर्यंत खाली घेतला नाही. चार दिवस फिरलो. वेशीवरची पाटी लोकांनी मनावर घेतली होती! आपणच लावलेली पाटी आपल्याच डोक्यात पडावी, यासारखं दुःख नाही.

पाचव्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसलेलो असताना रामचंद्रभाऊ आले. हे आमच्या गावकीचे अध्यक्ष. खत कारखान्यातून निवृत्त. तिथे तेहेतीस वर्षं पाळीची नोंदवही लिहिली. अक्षर असं, की छापखान्याने शरमावं.

“काय झालं गुरुजी? घरी बरं हाय ना?”

मी सगळं सांगितलं. बढती, नोटीस, बारा. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

“एवढंच ना? गुरुजींची अब्रू ती गावाची अब्रू! आज संध्याकाळी गावकी बोलावतो.”

आता आमची गावकी म्हणजे काय ते सांगायला हवं. होडी किनाऱ्यावर ओढायची असो, पाखाडीची दगडी वाट दुरुस्त करायची असो, नियम एकच : घरटी एक माणूस. कोण येतंय ते घराने ठरवायचं. ज्या घरातून कोणी येणार नाही, त्या घराने देवळात पाच नारळ ठेवायचे. या नियमापुढे सरकारी नियम म्हणजे लिंबूटिंबू.

संध्याकाळी देवळासमोर भाऊंनी ठराव मांडला, “गुरुजी अडचणीत हायत. त्यांना असाक्षर पायजेत. तवा घरटी एक असाक्षर!”

“भाऊ, बाराच हवेत!” मी ओरडलो.

“असं कसं? बारा घरांनी करायचं आणि बाकीच्यांनी बसायचं? आमच्यात अशी फूट न्हाय गुरुजी.”

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर!

दुसऱ्या दिवशी विपुलसाहेब यादी न्यायला आले आणि माझ्याआधी भाऊंनीच ती पुढे केली. साहेबांचे डोळे विस्फारले.

“त्रेचाळीस? तालुक्यात पहिले तुम्ही! आणि काय सुंदर अक्षर आहे! यादी लिहिली कोणी?”

“मीच,” भाऊ छाती काढून म्हणाले, “असाक्षर क्रमांक एक!”

मी भाऊंचा सदरा मागून ओढला. पण साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनाही वरून शंभरांचं उद्दिष्ट होतं! उलट जाता जाता म्हणाले, “परीक्षेला मी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनाच घेऊन येतो. आणि शिकवणीचे फोटो पाठवा, चार दिवसांचे.”

“आता?” मी रचनाबाईंना विचारलं.

“आता काय? साक्षरांना असाक्षर करा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कुठलंही उद्दिष्ट जमतंच की!”

त्या टोमणा मारत होत्या. मला ती युक्ती वाटली!

सलग चार संध्याकाळी वर्ग भरला. फोटो काढून झाले की मी फळ्यापाशी उभा राहायचो. “मंडळी, ध्यानात ठेवा, आपण असाक्षर आहोत! सगळ्यांनी मोत्यासारखं लिहिलं तर साहेबांना संशय येईल. अक्षर कसं पाहिजे? हे असं!” आणि मी फळ्यावर उलट्या तोंडाचा अ काढला. मग बाहेरून पोट फुगलेला क. मग खाली डोकं वर पाय असा म.

वर्गात नुसता गोंधळ. केसरकाकी म्हणाल्या, “हे तर माझ्या दहावीच्या पेपरासारखंच हाय!” निकेश, मांडव्याची बोट पकडून रोज मुंबईला कामाला जाणारा पोरगा, हसून हसून बाकाखाली गेला. त्याच्या घरात आईला वेळ नव्हता म्हणून असाक्षर म्हणून तो आला होता. बी.कॉम.! आणि रामचंद्रभाऊ तर हात जोडून उभे राहिले.

“गुरुजी, जीव मागा, देतो. पण वाकडं अक्षर मागू नका. या हातातनं ते निघणार न्हाय.”

मनापासून वाकडं लिहीत होतं एकच माणूस. शेवटच्या बाकावर बसलेल्या काशीताई. या आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. अकरा वर्षं झाली. नवरा खलाशी, बाराही महिने कुठल्या ना कुठल्या बोटीवर, म्हणून त्यांच्या घरचं माणूस त्या स्वतःच. जीभ दातांत धरून, पेन्सिल मुठीत आवळून, ओळच्या ओळ गिरवत होत्या. मध्येच उठून फळ्यापाशी आल्या.

“गुरुजी, हा म असाच ना? वर पाय करून?”

“असाच! अगदी असाच! बघा मंडळी, जरा काशीताईंकडे बघा! याला म्हणतात तळमळ!”

ताई लाजल्या. पदराने घाम पुसत जागेवर गेल्या आणि आणखी एक पान भरलं.

परीक्षेचा रविवार उजाडला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हजर! नारळाचा धाक! जिल्ह्याचे मोठे साहेब आले, विपुलसाहेब त्यांच्या मागे, मी विपुलसाहेबांच्या मागे. पेपर वाटले आणि पाचच मिनिटांत रामचंद्रभाऊंचा हात वर गेला.

“साहेब, प्रश्न पाचमध्ये दोन पर्याय बरोबर येतायत. छपाईत चूक हाय.”

मी डोळे मिटले.

“आजोबा, शिक्षण किती?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“जी, शून्य.”

“मग चूक कळली कशी?”

“अंदाजानं!”

एवढ्यात मागून केसरकाकींचा खणखणीत आवाज, “माझं झालं! पुरवणी द्या!” निकेशने हजेरीच्या कागदावर इंग्रजीत अशी लफ्फेदार सही ठोकली, की मोठ्या साहेबांनी तो कागद दोनदा उजेडात धरला. मग ते माझ्याकडे वळले. शर्ट ओला झाला होता माझा, डिसेंबरात!

“गुरुजी, या वर्गात खरोखरचा असाक्षर एक तरी आहे का?”

उत्तराची वाट न बघता साहेब बाकांमधून चालत मागे गेले आणि काशीताईंपाशी थांबले. त्यांचा पेपर उचलला. उलट्या तोंडाचा अ. पोट फुगलेला क. वर पाय केलेला म. साहेबांनी छापील पेपरातल्या ‘कमळ’ या शब्दावर बोट ठेवलं.

“वाचा बघू, ताई.”

ताईंनी शब्दाकडे पाहिलं. ओठ हलवले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “ह्यो क न्हाय, सायेब. आमच्या गुरुजींनी शिकवलेला क येगळा हाय.”

सगळा वर्ग श्वास रोखून बसला. केसरकाकींनी तर पदर तोंडात कोंबला. भाऊ माझ्या कानाशी लागले, “काय काम करते बघा! पुढल्या जत्रेला नाटकात हिलाच घ्यायची!” मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. धन्य ती काशीताई! मोठ्या साहेबांचा चेहरा निवळला. “एक तरी सापडला,” असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले, आणि गाडी वेशीच्या पाटीखालून बाहेर पडली तशी मी धावत स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. ताई भांडी घासत होत्या.

“ताई, वाचवलंत मला! काय अभिनय केलात!”

“कसला अभिनय?”

“अहो तोच! वाचता येत नाही असा!”

ताईंनी टोप खाली ठेवला. “मला खरंच येत न्हाय, गुरुजी.”

“सही करता की तुम्ही रोज रजिस्टरवर!”

“सहीच येते. तेवढीच शिकवलीत तुम्ही, त्या वर्षाला.”

बाहेर लोक हसत, गप्पा मारत घरी चालले होते.

“तुम्ही अर्ज घेऊन घरोघर फिरत होताव,” ताई खाली बघून बोलत होत्या. “मला वाटलं, आता हिकडं पण येतील. इचारतील. आलाच न्हाय. मग गावकीनं नाव घातलं तवा बरं वाटलं. म्हटलं, या निमित्तानं तरी शिकून घेऊ. पोरगी मुंबईला दिली, तिचे फोनवर निरोप येतात लिहून. शेजारी वाचून घेते. सगळ्याच गोष्टी शेजारी सांगायच्या असतात का, गुरुजी? म्हणून चार दिवस जीव लावून गिरवलं. चुकलं का माझं काय?”

चुकलं का म्हणे! अख्ख्या वर्गात शिकायला आलेलं एकच माणूस, आणि त्या एकाला मी उलटा अ शिकवला! मला माझीच लाज वाटली. दाराशी रचनाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “दिव्याखाली अंधार, गुरुजी.” आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलांची जेवणं उरकली की मी आणि काशीताई खिचडीच्या टोपाशेजारी बसायला लागलो. सरळ अ, सरळ क, पाय खाली असलेला म. वाकडं बसलेलं सरळ करायला जास्त वेळ लागतो, हे बावीस वर्षं मुलांना सांगत आलोय; ते खरं असतं हे तेव्हा कळलं. किती दिवसांत शिकवून होईल, ते मी कुठल्याही फळ्यावर लिहिलं नाही. ताई मात्र रोज चुलीच्या राखेत बोटाने अक्षरं काढून ठेवायच्या आणि मी आलो की विचारायच्या, “आज सरळ हाय ना?”

दीड महिन्याने निकाल आला. बेचाळीस उत्तीर्ण, त्यातले चाळीस पैकीच्या पैकी. अनुत्तीर्ण एक. आणि सोबत मोठ्या साहेबांची कारणे दाखवा नोटीस : बेचाळीस जण चार दिवसांत विद्वान झाले, आणि जी एकच व्यक्ती खरी असाक्षर दिसत होती, ती मात्र नापास कशी? सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

झालं! बढतीचं प्रकरण कपाटात गेलं. मी नोटीस हातात घेऊन खिचडीच्या टोपाशेजारी मटकन बसलो. ताई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

“का...र...णे,” त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

“दा...ख...वा. बरोबर ना?”

अहो, पहिला छापील कागद! त्यांनी आयुष्यात वाचलेला पहिला छापील कागद म्हणजे माझी नोटीस! आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले ते बढतीसाठी नाही. “बरोबर, ताई! पुढे वाचा!” मी ओरडलोच. त्यांनी नोटीस माझ्या हातातून घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि रोज दुपारी काढून एक-एक ओळ वाचायला सुरुवात केली. ओळी होत्या नऊ. खुलासा लिहायला मला तो कागद हवा होता, पण मागायची हिंमत कोण करणार? तिसऱ्या ओळीवर असलेल्या बाईच्या हातातून?

नववी ओळ संपली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. दहाव्या दिवशी दुसरी नोटीस आली, चांगली दोन पानांची, कडक भाषेत. मी ती हळूच खिशात सारत होतो, तेवढ्यात ताईंनी पाहिली. ओला हात पदराला पुसून त्यांनी ती ओढून घेतली, उलटसुलट करून बघितली, आणि चेहरा असा काही खुलला म्हणता!

“अगो बाय! गुरुजी, ह्याच्यात तर जोडाक्षरंच जोडाक्षरं हायत!”