बाहेरची कडी

रिसॉर्टच्या कचेरीतून आलेला निरोप माणिकने वाचला, मोबाईल उशीखाली सारला आणि पुन्हा काढून वाचला. मजकूर तोच होता.

बैहरच्या पुढे, जंगलात असलेल्या त्या रिसॉर्टच्या चादरी, अभ्रे, टॉवेल बालाघाटला माणिकच्या लॉन्ड्रीत धुवायला येत. लॉन्ड्री चालायची ती याच एका कामावर. आता रिसॉर्टच्या परदेशातल्या मालकांना जाणून घ्यायचं होतं, की आपलं काम जिथे जिथे जातं, तिथे कोणी माणसांना डांबून, धाक घालून राबवत तर नाही ना? तपासायला उद्या अपूर्वा मॅडम येणार होत्या. गैर सापडलं, तर काम बंद.

"अनुसया, मी गुलाम ठेवतो काय वं?"

"तुमी?" बायकोने पोळी उलटली. "तुमाले तं घरची मांजर बी मोजत नाई."

माणिकला तेवढ्यापुरता धीर आला. पण निरोपाच्या खाली गुलामी ओळखायच्या खुणा दिल्या होत्या. कामगारांची ओळखपत्रं मालकाच्या ताब्यात असतात. कामाच्या जागेला बाहेरून कडी लागते. काय बोलायचं ते कामगारांना आधीच पढवलेलं असतं. पहिल्या खुणेला त्याचा घास हातात राहिला, दुसरीला ताटात पडला. तिसरी अजून घडायची होती, पण तो तेच करायच्या बेतात होता.

लॉन्ड्रीत कामाला येणाऱ्या चारही बायांची आधार कार्डं त्याच्याच टेबलाच्या खणात, फरसाणाच्या डब्यात होती. एका पावसाळ्यात शेवंताबाईचं कार्ड भिजून लगदा झालं, तेव्हापासून नवीन कार्ड आलं की ते माणिकभाऊकडे ठेवायचं, असा रिवाजच पडला होता. आणि कडी? शेडमागे साजाची झाडं, झाडांवर लंगूर. आतली कडी त्यांनीच ढकलून मोडलेली. म्हणून लंगूर आत शिरू नयेत यासाठी जाणारा बाहेरून कडी घालून जाई, आणि आतल्या बाया हाका मारून ती उघडवून घेत. इतकी वर्षं यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्या रात्री मात्र माणिकला स्वप्नात स्वतःला मिशा फुटलेल्या दिसल्या आणि हातात चाबूक.

सकाळी त्याने डबाच बायांपुढे धरला. "घ्या वं आपापले कार्डं. आत्ताच्या आत्ता."

"काहून? कामावरून काढून राह्यले काय?" अंजूने विचारलं.

"माह्या घरी उंदरं हायेत," गोदाबाई म्हणाली. "अन् उंदरापरीस वाईट माहा नवरा. दारूसाठी गहान टाकन त्याले. मी नाई नेत."

एक शेवंताबाई तेवढी पुढे आली. तिने आपलं कार्ड उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. माणिकचं तिकडे लक्ष नव्हतं. तो जीपवाल्या टिकारामला बजावत होता, "आज कडी लावू नको बावा. जीव गेला तरी लावू नको."

"हौ भाऊ."

"अन् तुमी साऱ्याजनी, मॅडमनं विचारलं तं म्हना, आमच्यावर जबरदस्ती नाई."

अपूर्वा मॅडम आल्या. वय कोवळं, चष्मा मोठा. मॅडमचा पाय उंबरठ्याच्या आत पडला न पडला, तोच गोदाबाई टॉवेल छातीशी धरून ओरडली, "आमच्यावर जबरदस्ती नाई!" पाठोपाठ अंजूही तेच म्हणाली.

"मी अजून काही विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या.

माणिकने घाईघाईने हाक मारली. "टिकाराम! मॅडमसाठी चाय आन!"

टिकाराम धावला. मागे दार लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. खण्ण!

शेडमध्ये इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत होती. माणिकने दाराला खांदा लावला. दार ढिम्म.

"बाहेरून कडी?" मॅडमनी विचारलं.

"वांदरं, मॅडम! वांदरांसाठी!"

"माकडांना आत कोंडलंय?"

"नाई, बायांना... म्हंजे बायांना नाई कोंडलं..." बोलावं तेवढं रुतत होतं. तेवढ्यात पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं आणि खिडकीच्या गजांतून एका काळ्या तोंडाने आत डोकावलं. आयुष्यात पहिल्यांदाच माणिकला लंगूर पाहून आनंद झाला. "पाहा! साक्षीदार!"

मॅडम हसल्या, पण लगेच इस्त्रीकडे पाहत गंभीर झाल्या. "आत आग लागली आणि टिकाराम चहाला गेलेला असेल, तर?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आणि यांची ओळखपत्रं कोणाकडे असतात?"

"माह्याजवळ. त्याहीच ठेवाले देल्ते, मॅडम. कोनी मागितलं तं लगेच देतो मी."

"मी मागितल्तं," शेवंताबाई म्हणाली.

माणिकने गर्रकन मागे वळून पाहिलं.

"दिवाळीच्या आंधी. पोरगी गोंदियाले राह्यते. तिच्या इकडं एका हाटेलात कामाले लागाचं व्हतं, ते लोक कार्ड मांगत व्हते. भाऊले मागितलं, तं भाऊ म्हनले, कायले पायजे?"

"मंग?" माणिकनेच विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"मंग मी म्हनलं, काही नाई, राहू द्या."

"म्या तं सहज विचारलं वं! हरवशीन म्हनून!"

"हौ. मले मालूम हाय. तुमी वाईट नाई." शेवंताबाईने चादरीची घडी घातली. "पन पुन्हा मागाची हिंमत नाई झाली."

कडी सरकली. टिकाराम चहाची किटली घेऊन दारात उभा. सगळ्यांचे चेहरे पाहून त्याने जीभ चावली. "डोस्क्याले सांगतलं व्हतं भाऊ तुमी. हाताले नाई सांगतलं."

मॅडमनी काम बंद केलं नाही. आतून नवी कडी, खिडकीला जाळी, प्रत्येकीला कुलपाचा खण, किल्ली तिच्याकडे. हे सगळं करीन असं माणिकने लिहून द्यायचं आणि सोबत स्वतःच्या आधार कार्डाची प्रत उद्या सकाळी पाठवायची. "ते मिळालं नाही, तर माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शेवंताबाई म्हणाली, "भाऊ, उद्या सुट्टी पायजे. गोंदियाले जातो." माणिकच्या तोंडात 'का' आला होता. त्याने तो चहासारखा गिळला, तोंड भाजलं, आणि म्हणाला, "जा."

घरी आल्यावर त्याला कळेना आपलं कार्ड कुठे आहे. मग आठवलं. अनुसयाच्या कपाटात, साड्यांच्या खाली. किल्ली तिच्या कमरेला. घरचे सगळे कागद लग्नापासून तिथेच. तो वस्तू हरवतो म्हणून.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अनुसया, माहं आधार कार्ड देतं काय?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "कायले पायजे?"

"काही नाई, राहू दे," माणिक म्हणाला आणि वळला.

दोन पावलं गेल्यावर तो थबकला. हे वाक्य आज कुठेतरी ऐकलेलं होतं.

तो परत फिरला. अपूर्वा मॅडमपुढेही त्याला एवढा धीर गोळा करावा लागला नव्हता. "माहं हाय," तो म्हणाला, "म्हनून पायजे."

लाटणं थांबलं. अनुसयाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, कमरेची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घ्या. अन् इतक्या वर्साची तुमची कपाटं सांभाळाची माही सुट्टी बाकी निंघते, ते बी लिहून द्या त्या मॅडमले."